गावाच्या मालकीचं प्रक्रिया केंद्र कसं उभं करावं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गावात पाच-सहा जणी पापड-कुरडया करतात, दोघी-तिघी मसाला विकतात, एखाद्याचा लाकडी घाणा असतो आणि तूर तर घरोघरी असते. पण तुरीची डाळ करायची तर पोती टेम्पोत घालून तालुक्याला न्यावी लागतात. मिरची कांडायला दुसऱ्या गावी रांग लावावी लागते आणि मसाल्याची पिशवी अजूनही मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवली जाते. यातल्या एकेकीला स्वतःचं यंत्र घेणं परवडत नाही. सगळ्यांनी मिळून, गावाच्या मालकीचं घेतलं तर परवडतं.

आमच्या वाशीम भागातल्या एका गावात ग्रामसंघाने, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाने, असं केंद्र उभं केलं आणि त्याच्या हिशोबाच्या वह्या मी सांभाळते. आजूबाजूच्या गावांतून बचत गटाच्या ताया, सरपंच, तरुण मुलं विचारायला येतात, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "अनुदान किती मिळतं?" हा प्रश्न खाली पाचव्या पायरीवर आहे आणि त्याची जागा तिथेच आहे. त्याआधीच्या चार पायऱ्या गाळून पैसा आणला, तर यंत्र येतं, नारळ फुटतो, फोटो निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात यंत्रावर ताडपत्री पडते. असं केंद्र तुमच्याही ओळखीच्या एखाद्या गावात असेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरून ठरतो. हे केंद्र गावातल्या छोट्या उद्योगांची सेवा करण्यासाठी आहे. त्यांच्याशी स्पर्धा करण्यासाठी ते उभं करायचं नाही.

१. आधी गावात कोण काय करतं ते लिहून काढा

यंत्राचं नाव घ्यायच्या आधी एक वही घ्या आणि घरोघरी फिरा. चार रकाने पुरेत: काय बनवता किंवा पिकवता, वर्षाला किती, आत्ता प्रक्रिया कुठे करून आणता, आणि त्याला किलोमागे किती पैसे जातात. गाडीभाडं वेगळं विचारा. लोक ते धरत नाहीत, पण गावातल्या केंद्राचा खरा फायदा बहुतेक वेळा गाडीभाड्यातच असतो.

पाचवा रकाना महिन्याचा ठेवा. आमच्याकडे तूर डिसेंबर-जानेवारीत निघते आणि डाळ करायचं काम फेब्रुवारी ते मे चालतं, कारण तेल-पाणी लावलेली तूर वाळवायला कडक ऊन लागतं. मिरची, हळद, मसाला, शेवया, पापड हेही उन्हाळ्यातच. दिवाळीआधी बेसन आणि भाजणीचं काम येतं. म्हणजे एप्रिलमध्ये यंत्रापुढे रांग आणि जुलैत शुकशुकाट. हा रकाना भरला नाही तर पुढे दर ठरवताना गणित हमखास चुकतं.

फिरताना "मशीन आलं तर वापराल का?" असं विचारू नका. त्यावर सगळेच हो म्हणतात. "मागच्या वर्षी किती पोती तूर बाहेर नेली?" असं विचारा. झालेल्या कामाचा आकडा खरा असतो.

२. मालकी कोणाच्या नावावर

इथे घाई करू नका. "गावाचं" म्हणजे कागदावर कोणाचं, हे एकदा ठरलं की बदलणं फार जड जातं. आपल्याकडे मुख्यतः चार वाटा आहेत.

ग्रामपंचायत: जागा, वीजजोडणी, सरकारदरबारी वजन या सगळ्या बाबतीत सोपी वाट. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा ग्रामपंचायतीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तिथे वेळेवर कर भरणाऱ्या कुटुंबाला पंचायतीच्या गिरणीत दळण मोफत मिळतं. कर वसुली आणि सेवा यांची अशी सांगड घालणं पंचायतीलाच शक्य आहे. अडचण एकच, आणि ती मोठी आहे. पाच वर्षांनी निवडणूक होते, मंडळी बदलतात, आणि आधीच्यांनी सुरू केलेलं केंद्र नव्यांना आपलं वाटेलच असं नाही. म्हणून माझं मत असं की पंचायतीने जागा द्यावी, आराखड्यात तरतूद करावी, पण रोजचा कारभार दुसऱ्या संस्थेकडे असावा.

ग्रामसंघ किंवा प्रभागसंघ: उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे बचत गट असतील तर गावपातळीवर ग्रामसंघ असतो आणि अशा अनेक ग्रामसंघांचा मिळून प्रभागसंघ. माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गावांत लोकसंचालित साधन केंद्राशी जोडलेले गट असतात. इथे बैठकीची, हिशोबाची सवय आधीच असते आणि हे भांडवल पैशाने विकत मिळत नाही. मात्र आपला संघ नोंदणीकृत आहे का आणि कोणत्या कायद्याखाली, हे प्रमाणपत्र हातात घेऊन पाहा. "नोंदणी आहे" असं सगळे सांगतात आणि बँकेत गेल्यावर नुसता उमेदकडचा गटाचा क्रमांक निघतो. बँकेला कर्ज द्यायला कायदेशीर अस्तित्व असलेली संस्था लागते.

सहकारी संस्था: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली, वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणांनी मिळून काढता येते. काम तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात होतं. लेखापरीक्षण दरवर्षी आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. शेतकरी, कारागीर, गृहउद्योग करणाऱ्या बाया सगळ्यांना एकत्र घ्यायचं असेल तर ही वाट मला मोकळी वाटते.

शेतकरी उत्पादक कंपनी: किमान दहा उत्पादक सभासद, पाच ते पंधरा संचालक, आणि भाग कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत. नियम चांगले आहेत. पण ही कंपनी आहे हे विसरू नका. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र भरावंच लागतं, व्यवहार शून्य असला तरीही. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये दंड चढतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. योजना जाहीर झाली म्हणून घाईने काढलेल्या आणि नंतर दंडाखाली दबलेल्या कंपन्या आमच्या भागात आहेत. सनदी लेखापालाची वर्षाची फी परवडेल एवढी उलाढाल पहिल्या यादीत दिसत असेल, तरच या वाटेला जा.

मालमत्ता ग्रामसभेच्या हाती ठेवून व्यवहार कसा करता येतो, याचं गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे मोठं उदाहरण आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. तुमचं गाव वनहक्काचं नसेल तरी निर्णय सगळ्यांसमोर, सर्वसहमतीने घ्यायची त्यांची रीत उचलण्यासारखी आहे.

३. ग्रामसभेचा ठराव आणि जागा

मालकी कोणाचीही असो, ग्रामसभेचा ठराव घ्याच. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. आधी महिला सभा होते, विषय तिथेच मांडून घ्या म्हणजे ग्रामसभेत तो एकटा पडत नाही.

ठरावात "प्रक्रिया केंद्र सुरू करण्यास मंजुरी" एवढंच लिहून भागत नाही. पुढच्या गोष्टी शब्दात आल्या पाहिजेत: जागा कोणती, तिचा मिळकत क्रमांक, कोणत्या संस्थेला, किती मुदतीसाठी, भाडं किती, वीजबिल कोण भरणार, आणि केंद्र बंद पडलं तर यंत्रांचं काय. शेवटचा मुद्दा लिहायला लोक कचरतात, अपशकुन वाटतो. तरी लिहा.

जागेत तीन सापळे हमखास येतात. पहिला, रिकामी पडलेली शाळेची खोली. ती गावात असली तरी बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची असते, ग्रामपंचायतीच्या ठरावाने ती मिळत नाही. दुसरा, गायरान. ती जमीन शासनाची आहे, तिथे शेड ठोकली तर अतिक्रमण ठरतं. तिसरा, कोण्या भाऊंनी आपणहून देऊ केलेली शेतातली खोली. ती शेतजमीन असेल तर अकृषक परवानगीचा प्रश्न येतो, आणि भाऊ-भाऊ वेगळे झाले की कुलूपही लागतं. पंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे गावातल्या मिळकतींच्या नोंदवहीत, नोंद असलेली इमारत सगळ्यात निर्धोक. भाडेकरार लांब मुदतीचा असेल तर जिल्हा परिषदेची मंजुरी लागते का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (आधीचे ग्रामसेवक) लेखी विचारून घ्या. बँकेचं कर्ज पाच-सात वर्षांचं असतं, तेव्हा अकरा महिन्यांच्या करारावर कोणतीही बँक फाइल पुढे सरकवत नाही.

पंचायतीकडून थोडा खर्च मिळवायचा असेल तर काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसवावं लागतं. शिवाय पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. त्यातून प्रशिक्षणाचा खर्च मागता येतो. आराखडा ठरतो त्या सुमारास अर्ज द्या, नंतर वर्षभर थांबावं लागतं.

४. यंत्र निवडताना

डाळीसाठी विदर्भात पीकेव्ही मिनी डाळ मिल सगळ्यांना ठाऊक आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ही गिरणी गावपातळीवर झेपेल अशी आहे. मसाला आणि हळदीला पल्व्हरायझर (बारीक दळणारं यंत्र), मिरचीला कांडप यंत्र, आणि पिशव्या बंद करायला पायाने चालणारं सीलिंग यंत्र, एवढ्यावर सुरुवात होते. सीलिंग यंत्र सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. ते आधी घ्या.

यंत्र बघायला जाताना स्वतःच्या गावची एक पोतं तूर बरोबर न्या आणि समोर करून मागा. विक्रेत्याकडची निवडक, एकसारखी तूर कोणत्याही यंत्रात छान निघते. आपल्या तुरीत लहान-मोठा दाणा असतो, खडे असतात, थोडा ओलावा असतो. शंभर किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडायला हवी. बाकी चुनी, कणी आणि भुसा. तेही वजन करून घ्या आणि सगळ्यांची बेरीज जुळते का बघा.

कोटेशन किमान तीन घ्या, जीएसटीसह. प्रत्येकाला विचारा: एमरी रोलर (तुरीची साल काढणारा खरखरीत रोलर) किती पोत्यांनंतर बदलावा लागतो, तो कुठे मिळतो, आणि यंत्र बिघडलं तर माणूस किती दिवसांत येतो. दोन हजार रुपयांनी स्वस्त यंत्र एप्रिलमध्ये आठ दिवस बंद राहिलं तर तो स्वस्तपणा कुठेच उरत नाही.

विजेबद्दल. थ्री फेजची जोडणी केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या किंवा पंचायतीच्या नावाने घ्या आणि अर्जात वापर स्पष्ट लिहा. महावितरणच्या दररचनेत पिठाच्या, डाळीच्या, मसाल्याच्या गिरण्या औद्योगिक वर्गात बसतात, पण नुसतं "दुकान" किंवा "केंद्र" लिहिलं की जोडणी व्यावसायिक दराने मिळते आणि तो दर जास्त असतो. घरगुती मीटरवर गिरणी चालवणं तर अजिबात नको. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते.

५. पैसा

आता अनुदान. अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना बघा. राज्यात ती कृषी विभागामार्फत चालते. तिची चालू मुदत आणि अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारूनच अर्जाला हात घाला. योजनेची रचना अशी आहे: वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये. संस्थेने उभारलेल्या सामाईक सुविधेलाही ३५ टक्के, तिची कमाल मर्यादा बरीच मोठी. बचत गटात अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सभासदासाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल, जे संघामार्फत कर्जाऊ येतं आणि खेळतं भांडवल किंवा छोटी अवजारं यांसाठी वापरता येतं.

सामाईक सुविधेची एक अट आपल्या कामाला अगदी जुळणारी आहे. तिच्या क्षमतेचा मोठा भाग बाहेरच्या छोट्या उद्योगांना आणि लोकांना भाड्याने वापरायला खुला ठेवावा लागतो. म्हणजे जे आपल्याला करायचंच आहे, ते इथे अटीतच आहे.

तीन गोष्टी मात्र नीट समजून घ्या.

अनुदान हातात मिळत नाही. ते कर्ज देणाऱ्या बँकेत वेगळ्या खात्यात राहतं आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नियमित राहिलं, केंद्र चालू राहिलं, तर कर्जात वळतं होतं. बैठकीत हे सगळ्यांना समजावून सांगा, नाहीतर "पैसे आले होते, गेले कुठे?" अशी कुजबुज सुरू होते.

स्वतःचा वाटा किमान १० टक्के लागतो. तो एकाच धनवान सभासदाकडून घेऊ नका. ज्याचा पैसा जास्त, त्याचा शब्द जास्त, हे आपोआप होतं. शंभर घरांकडून थोडे थोडे भाग गोळा करायला वेळ लागतो, पण तेच लोक पुढे गिऱ्हाईक म्हणून येतात.

प्रकल्प अहवाल करून देतो म्हणून टक्केवारी मागणारे एजंट गावात येतील. योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांचं काम अर्ज, अहवाल, बँकेचा पाठपुरावा आणि परवाने यांत मदत करणं हेच आहे आणि त्यांचं मानधन योजनेतून दिलं जातं. अर्जदाराने त्यांना काही द्यायचं नसतं. यादी तालुका कृषी कार्यालयात मिळते.

६. कागदपत्रं

एक जाड फाइल करा, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती ठेवा आणि मूळ प्रती एकाच्या घरी न ठेवता कुलपाच्या कपाटात ठेवा.

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, उपविधी किंवा नियमावली
- संस्थेच्या नावाचं पॅन कार्ड आणि बँक खातं, दोन सह्यांचं
- पदाधिकाऱ्यांचे आधार, पॅन, फोटो
- ग्रामसभेचा ठराव, ग्रामपंचायत अधिकारी व सरपंचांच्या सही-शिक्क्यासह
- जागेचा नमुना ८ उतारा आणि भाडेकरार
- यंत्रांची कोटेशन, प्रकल्प अहवाल
- मागच्या तीन वर्षांचे हिशोब, संस्था जुनी असेल तर
- संस्थेच्या बैठकीचा कर्ज घेण्याचा ठराव, कर्जाच्या रकमेसह

परवान्यांत पहिला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, फॉस्कॉस या संकेतस्थळावर. छोट्या उलाढालीला साधी नोंदणी आणि मोठीला राज्य परवाना असे दोन टप्पे आहेत. यातली सीमा बरीच वर्षं वार्षिक १२ लाख रुपये उलाढालीची होती, तरी अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावरची चालू मर्यादा पाहून घ्या. दुसऱ्यांचा माल दळून देणं हाही अन्नव्यवसायच आहे, "आम्ही काही विकत नाही" म्हणून सुटका होत नाही. पाण्याचा तपासणी अहवाल आणि काम करणाऱ्यांचे वैद्यकीय दाखले तयार ठेवा.

उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून होणारी सरकारी नोंदणी) पूर्ण मोफत आहे. शोध घेतला की पैसे मागणारी, सरकारी वाटतील अशी संकेतस्थळं वर येतात, त्यांना बळी पडू नका. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का दरवर्षी मारून घ्यावा लागतो. बंद पाकिटात माल भरून विकणार असाल तर त्याच विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी. जीएसटीची मर्यादा महाराष्ट्रात मालासाठी वार्षिक ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये आहे. दळून देणं ही सेवा आहे, एवढं लक्षात ठेवा. आणि राज्याबाहेर माल विकायचा झाला तर मर्यादेच्या आत असूनही नोंदणी लागते.

७. दर, पाळी आणि वही

केंद्र टिकतं की मोडतं, ते इथे. आधी दर. लोक शेजारच्या गावचा दर विचारतात आणि त्यातून एक रुपया कमी करून लावतात. त्यापेक्षा वही उघडा आणि वर्षभराचा खर्च मांडा. समजा, हंगामाचे चार महिने चालवणाऱ्याचा पगार, वीज, दुरुस्ती, भाडं आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला २५,००० रुपये लागतात, म्हणजे एक लाख. हंगामात ३०० क्विंटल तूर आली तर किलोला ३ रुपये ३३ पैसे पडतात. बहुतेक जण इथे थांबतात. पण उरलेले आठ महिनेही हप्ता, भाडं आणि विजेचा स्थिर आकार चालूच असतो. तो महिन्याला १०,५०० धरला तर ८४,००० आणखी. एकूण १,८४,०००, म्हणजे किलोला ६ रुपये १३ पैसे. त्यावर यंत्र बदलण्यासाठी एक रुपया वेगळा काढायचा. म्हणून सात रुपयांच्या खाली जाणारा दर या उदाहरणातलं केंद्र खाऊन टाकतो. रिकाम्या महिन्यांत पल्व्हरायझरवर बेसन, मसाला, पीठ असं जितकं काम वाढेल, तितका डाळीचा दर खाली आणता येईल.

सभासदाला आणि बाहेरच्याला दर वेगळा ठेवायला हरकत नाही, पण फरक थोडाच असावा आणि तो दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा. सरपंच, अध्यक्ष, चालवणाऱ्याचे काका, सगळ्यांना तोच दर.

मग वजन. पोतं आलं की गिऱ्हाइकासमोर काट्यावर, आकडा त्याला मोठ्याने वाचायला सांगायचा, आणि नाव, वजन, तारीख लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या करायच्या. एक पोत्याच्या तोंडाला बांधायची, दुसरी पोत्याच्या आत टाकायची, कारण वाळवणाच्या वेळी बाहेरची चिठ्ठी वाऱ्याने उडते आणि मग दोन घरांची तूर एकमेकांत जाते. तेल-पाणी लावून अंगणात पसरलेल्या प्रत्येक ढिगाच्या कडेला नावाची पाटी ठेवा. "आमची तूर गुलाबी होती, ही पांढरी कशी?" हा वाद एकदा झाला की महिनाभर गावात तोच विषय.

घट आणि चुनी यांचा नियम पहिल्या पोत्याआधी बैठकीत ठरवा. डाळ पडल्यावर राहिलेली चुनी आणि भुसा कोणाचा? जनावरं असलेल्या घराला तो हवा असतो आणि त्याला बाजारात भाव आहे. काही केंद्रं भुसा ठेवून घेतात आणि दर कमी लावतात, काही सगळं परत देतात. दोन्ही चालतं. मनमानी मात्र चालत नाही. आमच्याकडे चुनी आणि भुसा दोन्ही परत जातात, आणि प्रत्येक पोत्यामागे डाळ, चुनी, भुसा, घट असे चार आकडे पावतीवर येतात. सुरुवातीला चालवणारा याला कंटाळतो. पण याच पावतीमुळे लोक तालुक्याची वाट सोडतात, कारण तिथे त्यांना हे आकडे कोणी सांगत नव्हतं.

पाळीची वही वेगळी. ज्याचं नाव आधी, त्याचं काम आधी. "ताई, उद्या पाव्हणे येणार, तेवढं माझं आधी घ्या ना," हे रोज ऐकावं लागतं. पाच किलोच्या आतल्या कामासाठी संध्याकाळचा एक तास राखून ठेवला की अडलेल्याचं काम होतं आणि रांगही मोडत नाही.

यंत्रावरचा क्रमही ठरवून घ्या. पल्व्हरायझरवर सकाळी बेसन आणि पिठं, मग हळद, मग धने-जिरे, मिरची सगळ्यात शेवटी, आणि रात्री पूर्ण सफाई. मिरचीनंतर कोणाचं बेसन दळलं तर त्या बाईचं ते गिऱ्हाईक गेलंच समजा. शेंगदाण्याचा कूट या यंत्रावर घेऊच नका. तेलकटपणा राहतो, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला त्याचा अंशही बाधतो.

उधारी: पहिल्या हंगामात अजिबात नको. गटाच्या सभासदाला अडचण असेल तर तिने गटाकडून अंतर्गत कर्ज घ्यावं आणि केंद्राला रोख द्यावं.

८. केंद्र आणि गावातले गृहउद्योग

केंद्र चालू लागलं, चार पैसे दिसले की कोणीतरी बैठकीत म्हणतंच, "आपणच मसाला करून विकू या, आपला ब्रँड काढू." ऐकायला छान वाटतं. पण ज्या ताईचा मसाला तुम्ही कांडून देता, तिच्याच पाकिटाशेजारी तुमचं पाकीट दुकानात लागलं तर ती पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी जाईल, आणि तिच्या मागोमाग बाकीच्या. आमच्या नियमावलीत लिहिलेलं आहे: सभासद जे विकतात, ते केंद्र विकणार नाही.

मग केंद्राने काय करावं? एकट्या-दुकट्याला न परवडणारं ते सगळं. पाकिटं घाऊक आणून नगाप्रमाणे देणं. हंगामात मिरची, धने एकत्र खरेदी करणं. लेबल करून देणं, आणि त्यात चूक होऊ न देणं: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. पॅकिंग एखादीच्या घरी होत असेल तर तिचा स्वतःचा क्रमांक लागतो. केंद्राचा क्रमांक सगळ्यांनी छापायचा, ही सवय लागू देऊ नका. एकीच्या पाकिटात काही निघालं तर केंद्राचा परवाना अडकतो आणि सगळ्यांचंच काम थांबतं.

१९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाची रीत इथे उपयोगी पडते. पीठ एका ठिकाणी मळायचं, लाटायचं आपापल्या घरी, आणि वाळलेले पापड पुन्हा केंद्रावर तपासून वजनावर घ्यायचे. जे काम एकसारखं व्हायला हवं ते केंद्रावर, जे घर सांभाळून होतं ते घरी. तुमच्या गावात पापडवाल्या जास्त असतील तर डाळ मिलच्या आधी पीठ मळायच्या यंत्राचा विचार करा.

विक्रीसाठी आधी तालुक्याचा बाजार, मग जिल्ह्याचं प्रदर्शन. मुंबईच्या महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या मोठ्या प्रदर्शनाला जायची घाई नको. तिथे माल भरपूर लागतो आणि एकसारखा लागतो. दोन-तीन गृहउद्योगांचा माल मिळून एक स्टॉल भरेल, अशी तयारी झाली की प्रभागसंघामार्फत नाव द्या.

९. पहिला हंगाम संपताना

मृगाच्या आधी यंत्र मोकळं करा. पट्टे सैल करून ठेवा, रोलर घासून कोरडे करा, पल्व्हरायझरची जाळी काढून उन्हात वाळवा, उंदरांसाठी खालचे झरोके बंद करा. अडकलेल्या पिठाला पावसाळ्यात सोंडे आणि बुरशी लागते आणि तो वास दिवाळीच्या बेसनात उतरतो.

वहीवरून चार आकडे काढा: किती क्विंटल काम आलं, किती वेगवेगळ्या घरांनी वापरलं, किती दिवस यंत्र बिघाडाने बंद राहिलं, आणि किती पैसे उरले. दुसरा आकडा मी सगळ्यात महत्त्वाचा मानते. काम भरपूर आणि घरं मोजकीच असतील, तर केंद्र गावाचं राहिलेलं नाही, चार मोठ्या शेतकऱ्यांचं झालं आहे. मग छोट्या कामाचा राखीव तास वाढवा.

उरलेल्या पैशातून आधी यंत्र बदलण्याचा निधी बाजूला टाका, तोही वेगळ्या खात्यात. मग राहिलं तर सभासदांना त्यांनी केंद्राकडून करून घेतलेल्या कामाच्या प्रमाणात परत द्या, नुसत्या भागांच्या प्रमाणात नको.

हे आकडे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि पंचायतीच्या फलकावर लावा. नवे दर मात्र तेव्हा जाहीर करू नका. दिवाळीनंतर विजेचे दर आणि मजुरी पुन्हा तपासा, आणि २६ जानेवारीच्या सभेत मंजूर करून घ्या. तोवर बहुतेकांची तूर घरात आलेली असते, आणि नंबर लावायची वही त्याच दिवशी उघडता येते.